चंपाचे पाय आणि मधल्या वाटेची जाळी

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी सव्वासहा. वडसा, आमच्या घराचं मागचं अंगण.

हजर: मी, सुनंदा, वय एकोणपन्नास. माझे यजमान भाऊराव, तोंडात ब्रश. आमचं बदक चंपा, वय अंदाजे तीन महिने. कुंपणाच्या पलीकडे शेजारच्या रुखमाबाई, बाजाराला जाण्याआधी मासळी निवडत बसलेल्या.

गैरहजर: आमची मुलगी पल्लवी. ती गडचांदूरला, सासरी.

हजेरी लिहायची मला सवय आहे. मी एका नाटक मंडळीच्या ऑफिसात तारखांचं काम बघते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. तेव्हा कोणत्या गावाला कोणती तारीख, कोण कोणत्या गाडीत बसणार, कोण आलं नि कोण नाही, हे सगळं माझ्या वहीत असतं. घरासाठी माझी वेगळी वही आहे. तिच्यामुळे चंपाच्या आजारपणाचा दिवस न् दिवस मला सांगता येतो, आणि तिच्यामुळेच काही गोष्टी नाकारता येत नाहीत. ज्यांच्या घरी असं वाढतं बदक एक दिवस अचानक खाली बसेल, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. जे चुकलं तेही लिहिते. ते वगळलं तर बाकीच्याला काही अर्थ राहत नाही.

बसली ती बसलीच

रोज खुराड्याचं दार उघडलं की चंपा मला ढकलून बाहेर पडायची. त्या सकाळी ती आतच राहिली. मी तिचं जेवणाचं ताट वाजवलं. तिनं मान वर केली, पंख पसरून जमिनीला टेकवले, उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली. मी उचलून बाहेर ठेवली. दोन पावलं गेली, तीही घोट्यांवर, पंखांचा आधार घेत. घोटे सुजले होते आणि उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळत होता.

भाऊरावांनी ब्रश काढला. "हिरोईन रुसली वाटते."

"रुसली नाई. पायाले काहीतरी झालं तिच्या."

"मुरगळला असंन. संध्याकाळपर्यंत होते बरी."

पलीकडून रुखमाबाईंचा आवाज आला. "काय झालं बाई? पोरी उठून नाई राह्यली का?"

चंपाला त्या 'पोरी' म्हणतात. तो आवाज ऐकताच चंपानं मान लांब केली, कुंपणाकडे पाहिलं आणि घशातल्या घशात बोलायला लागली. मी एवढा वेळ ताट वाजवत होते, माझ्यासाठी तिच्याकडे चकार शब्द नव्हता.

"काही नाई, जरा सुस्त आहे," मी म्हणाले.

मला त्या यायला नको होत्या. बदक जगतं की मरतं हे ठाऊक नव्हतं, आणि माझ्या मनात सर्वांत आधी आलं ते हे.

मधली वाट

थोडं मागचं सांगावं लागेल. आमच्या आणि रुखमाबाईंच्या अंगणांमध्ये बांबूच्या कमच्यांचं कुंपण आहे. त्यात एका जागी माणूस तिरपा होऊन जाईल एवढी वाट होती. ती पल्लवीनं लहानपणी एकेक कमची उपसून पाडली होती. हंगामात मी सकाळी ऑफिसात गेले की संध्याकाळी यायची. भाऊराव राइस मिलवर. पोरगी पलीकडे असायची. भात आणि झिंग्याचं कालवण तिथेच, दुपारची झोप तिथेच. रुखमाबाईंना ती मोठीमाय म्हणते. पहिलं पाऊलही तिनं त्यांच्याच ओसरीवर टाकलं. मला ते संध्याकाळी कळलं. मी "बरं झालं" म्हणाले आणि वहीत तारीख लिहिली.

या वर्षी जुलैच्या शेवटी आठवडी बाजारातून मी बदकाची दोन पिल्लं आणली. एक चार दिवसांत मुंगसानं नेलं. उरली ती चंपा. नाव मी ठेवलं, खुराडं मी बांधून घेतलं, पाणी मी बदलायची. आणि चंपा सकाळी सुटली की सरळ त्या वाटेनं पलीकडे. रुखमाबाईंच्या घरची माणसं पिढ्यान् पिढ्या तलावावर मासे धरत आली आहेत. जाळ्यातून मासळीबरोबर जे काही येतं, बारके झिंगे, गोगलगायी, शेवाळ, ते त्या बाजूला टाकायच्या आणि वर मूठभर ओला कोंडा. चंपा दिवसभर तिथे. माझ्याकडे यायची ती संध्याकाळी, पोट भरून, फक्त झोपायला.

ऑगस्टभर मी हे पाहिलं. १२ सप्टेंबरला माणूस बोलावून त्या वाटेवर तारेची जाळी ठोकून घेतली. रुखमाबाईंना सांगितलं, मुंगसासाठी. वहीत लिहिलं, 'वाट बंद. मुंगूस.' स्वतःच्या वहीत मी खोटं लिहिलं ते पहिल्यांदा.

त्या दिवसापासून चंपाचं खाणं माझ्या हाती आलं आणि मी ते नीट बसवलं. भाऊराव मिलवरून कनकी आणायचे, म्हणजे तांदळाचे तुटके दाणे, पांढरेशुभ्र. मी ती तीन पाण्यांनी धुवायची, मऊ शिजवायची, गार करून द्यायची. सकाळी एक वाटी, दुपारी अर्धी, संध्याकाळी एक. कोंड्याला घरात जागा नव्हती. आमच्याकडे कोंडा म्हशीपुढे टाकतात, पांढरा भात पाहुण्याला वाढतात. माझं बदक पांढरा भात खातं, कुणाच्या मोरीजवळचं वेचत नाही, याचा मला अभिमान होता.

दवाखान्यात

भाऊराव मिलवर गेले. मी चंपाला बांबूच्या टोपलीत ठेवलं, वरून ओढणी बांधली आणि स्कूटीवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाकावर एक माणूस शेळी घेऊन बसला होता.

"टोपल्यात काय आहे बाई?"

"बदक."

"बदकाले दवाखान्यात आणलं? आमच्या गावाकडं तं सीधं गंजात शिजवतेत."

"तुमची शेळी बी शिजते ना भाऊ? मंग तिले काऊन आणलं?"

तो हसला. "हाव, हे बरोबर आहे," म्हणाला आणि सरकून मला जागा दिली.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिनं चंपाचे दोन्ही पाय हळू दाबून पाहिले, बोटांमधला पडदा ताणून पाहिला. मग विचारलं, "खायला काय देता?"

मी वही पुढे केली. महिन्याभराचा हिशोब त्यात होता, वेळेसकट, वाटीसकट. ती पानं उलटत म्हणाली, "इतकी व्यवस्थित नोंद मी कुणाच्या गाईचीही पाहिली नाही." मला बरं वाटलं. ते दोन मिनिटंच टिकलं.

"पण मॅडम, यात तांदळाशिवाय काहीच नाही."

"धुतलेला आहे. मऊ शिजवलेला."

"तेच तर. दाण्यावरचं जे कामाचं असतं ते मिलमध्ये निघून गेलं. उरलंसुरलं तुम्ही धुवून टाकलं. वजन वाढतंय आणि पायांना काही मिळत नाही. याआधी काय खायची?"

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. कुंपणापलीकडे चंपा काय खायची याची नोंद मी कधी ठेवलीच नव्हती.

"इकडेतिकडे चरायची."

"मग ते बंद का झालं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

१२ सप्टेंबरचं पान तिच्या बोटाखाली होतं. तिनं ते वाचलं. "अच्छा, मुंगूस," असं म्हणून पान उलटलं.

पाण्यात घालायचं औषध दिलं. कोंडा सुरू करा, बारकी मासळी, झिंगे, हिरवं काही द्या, पायांवर भार पडू देऊ नका, दिवसातून तीनदा पाण्यात तरंगवा, असं सांगितलं. मी सगळं क्रमानं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "चालेल ना?"

"वेळेत आणलं असेल तर चालेल. हाडं वाकडीच पक्की झाली तर नाही. पंधरा दिवसांत कळेल."

टोपली बांधताना माझ्या हातून गाठ बसेना. शेळीवाल्यानं बांधून दिली.

जाळीतून

कोंड्याचा प्रश्न नव्हता, मिलवर ढीग पडलेले असतात. झिंग्यांचा होता. मासळी बाजारात कुणाकडेही घेतले असते तरी ते संध्याकाळच्या आत रुखमाबाईंना कळलंच असतं. म्हणून जाळीशी उभी राहिले.

"रुखमाबाई, बारके झिंगे मिळतील का? चंपासाठी. डॉक्टरनं सांगितलं."

"मिळतील का म्हणजे? पोरीसाठी इचारून राह्यली तू? थांब, मीच येतो घेऊन."

त्या वाटी घेऊन उठल्या, सवयीनं वाटेकडे आल्या, जाळीला हात लागला तेव्हा थांबल्या. मग मागे वळल्या. आमच्या घरांची तोंडं दोन वेगळ्या गल्ल्यांना आहेत. मधल्या वाटेनं आठ पावलं, गल्लीनं मारुतीच्या देवळाला पूर्ण वळसा. त्यांचे गुडघे दुखतात. बऱ्याच वेळानं आमच्या पुढच्या दारातून आल्या, पदरानं घाम पुसत.

सकाळपासून चंपानं माझ्या हातून एक दाणा घेतला नव्हता. त्यांच्या हातून तिनं अर्धी वाटी झिंगे खाल्ले.

"बरं केलं बाई तू जाळी लावली," रुखमाबाई तिची मान खाजवत म्हणाल्या. "अशा बसल्या पोरीले मुंगसानं सोडलं नसतं."

मी पाणी आणायला आत गेले. पाणी तिथे होतंच.

दिवस कसा जायचा

हे ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. खाली वर्तमानपत्र टाकू नका, पाय घसरतात आणि आणखी फाकतात. जुनं सुती धोतर चौपदरी करून घाला, दिवसातून दोनदा बदला. बदक एका कुशीवर फार वेळ राहिलं तर छातीची पिसं जातात, म्हणून दर दोन तासांनी बाजू बदला. टबात पाणी कोमट हवं आणि इतकंच खोल की पाय खाली टेकू नयेत. एक हात छातीखाली ठेवा. पाय आपोआप चालतात. नंतर पिसं पूर्ण पुसा, कारण आजारी बदक स्वतःची पिसं नीट ठेवत नाही आणि गारठतं. कोंडा फार पातळ कालवू नका, नाकपुड्यांत जातो. घोट्यांची सूज रोज एकाच वेळी बघा. दर तासाला बघितलंत तर तुम्हाला दर तासाला वेगळी दिसेल. मला दिसायची.

ऑफिसात या दिवसांत श्वास घ्यायला वेळ नसतो. मी निम्मं काम घरून फोनवर करत होते, एक हात टबात ठेवून. एका गावच्या मंडळाचे अध्यक्ष तारीख बदलून मागत होते, तेवढ्यात चंपा ओरडली.

"ऑफिसात बदक आहे का ताई?"

"नवीन कलाकार आहे. तुमच्याकडं सव्वीस तारीख देऊ का अठ्ठावीस?"

भाऊराव संध्याकाळी रुमालात कोंडा बांधून आणायचे. तिसऱ्या दिवशी ते चंपाजवळ बसले आणि तिच्या पायाकडे बघत म्हणाले, "मीच आणून देत होतो ना थे कनकी. रोज. साफ पाहून पाहून."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "जाऊ द्या आता." दोष त्यांनी उचलला आणि मी उचलू दिला.

रुखमाबाई दिवसातून तीनदा येत. आल्या की चंपाचं बोलणं सुरू. मान वरखाली, वरखाली, जणू दिवसभराच्या तक्रारी सांगते आहे. धोतरं मी धूत होते, घाण मी काढत होते, औषधाचे थेंब मी मोजत होते. त्या नुसत्या बसायच्या आणि "काय म्हणते माह्यी पोरी" म्हणायच्या. माह्यी. तो शब्द मला दिवसभर टोचत राहायचा.

सहावा दिवस

१९ ऑक्टोबर. मी पुढच्या खोलीत फोनवर होते. मागून हाक आली. "बाई! पाह्य, लवकर पाह्य!"

मी पोहोचले तोवर चंपा बसली होती.

"चार पावलं चालली! उभी राह्यली आणि चार पावलं आली माह्याकडं!" रुखमाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरं झालं," मी म्हणाले. चोवीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं तेच, तशाच आवाजात. मला ते ऐकू आलं आणि त्यानंतर जे बोलले ते आवरता आलं नाही.

"रुखमाबाई, डॉक्टरनं सांगितलं आहे, दोन-तीन दिवस तिच्याजवळ कोणी नको. आराम पाह्यजे."

डॉक्टर असं काही म्हणाली नव्हती.

रुखमाबाईंनी वाटी उचलली. "हाव, आराम तं पाह्यजेच." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पुढच्या दाराशी झिंग्यांची वाटी होती, पानानं झाकलेली. त्या वळसा घालून आल्या होत्या आणि आत न येता गेल्या होत्या. मी ती वाटी चंपापुढे ठेवली. चंपानं पाहिलं आणि मान फिरवली. दुपारी कोंडा तसाच, संध्याकाळी तसाच. तोंड जाळीकडे करून बसली. पलीकडे पावलं वाजली की मान उठायची, पावलं गेली की खाली.

२१ तारखेला, दिवाळीच्या दिवशी, मी अंगणात तिच्यासमोर उकिडवी बसले आणि रुखमाबाईंसारखी हाक मारली. "आ पोरी, आ." आवाजही तसाच काढला. चंपानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि डोळे मिटले.

दारात भाऊराव उभे होते. किती वेळ ते मला माहीत नाही.

"डॉक्टरचा फोन आल्ता का?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग कोणी जवळ नको म्हणून सांगितलं कवा?"

मी वाटीतले झिंगे उगाच सारखे केले.

"बोलावून आण रुखमाबाईले," ते म्हणाले. "तुया मानापायी हिरोईन उपाशी मरंन."

दोनशे बारा पावलं

जाळी लावल्यापासून त्या बाजूला मी पहिल्यांदाच गल्लीनं गेले. सवयीनं पावलं मोजली. दोनशे बारा. जाऊन-येऊन चारशे चोवीस. दिवसातून तीनदा, दुखऱ्या गुडघ्यांनी.

रुखमाबाई ओसरीवर जाळं सारखं करत होत्या. "झाला का पोरीचा आराम?"

"या ना," मी म्हणाले. "खात नाई."

"मले वाटलंच."

परत येताना त्या हळू चालत होत्या आणि मीही हळू चालत होते. दिवाळीचे दिवे लावायची वेळ झाली होती, दारादारांत पोरी रांगोळीवर वाकल्या होत्या. देवळापाशी त्या टेकायला थांबल्या. मला काहीतरी बोलायचं होतं. बोलल्या त्याच.

"पल्लवीचंबी असंच होतं. जेवे माह्याकडं, खेळे माह्याकडं. पण दिवे लागायची वेळ झाली का वाटंत जाऊन बसे. आई कवा येते, आई कवा येते. मी गूळ देऊ, गोष्ट सांगू, नाई म्हणजे नाई. मले असा राग ये तुया!"

"माह्या?"

"मंग कोणाचा? दिवसभर मी सांभाळू, आणि तुया पायाचा आवाज आला का पोट्टी मले पाहे बी नाई." त्या हसल्या. "चाल. पोरी उपाशी आहे."

हे मला चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पल्लवी वाटेत बसायची हे माझ्या कोणत्याच वहीत नाही. मी यायची तेव्हा ती वाटेत उभी असायची हे मी रोज पाहत होते. मला वाटायचं, तिकडून नुकतीच निघाली असेल.

चंपानं त्या संध्याकाळी खाल्लं. मग रुखमाबाई घरी निघाल्या आणि मी तिला उचलून खुराड्यात ठेवलं, तेव्हा तिनं चोच माझ्या कोपराच्या खोबणीत घातली आणि तशीच झोपली. रोजच घालायची. मी ते कधी मोजलं नव्हतं. हे कळलं म्हणून माझी जळजळ संपली असं मात्र नाही. दुसऱ्या सकाळी रुखमाबाईंना पाहून चंपा पुन्हा मान वरखाली करायला लागली, आणि मला पुन्हा तेवढंच लागलं.

वहीत २२ ऑक्टोबरच्या कामांमध्ये शेवटी लिहिलं: 'जाळी काढणे.'

भाऊबीज

पल्लवी आली. पिशवी टाकली आणि मागच्या अंगणात धावली. चंपाला भेटायला म्हणून मी मागे गेले, तर ती जाळीसमोर उभी.

"आई, वाट कुठी गेली?"

"मुंगसासाठी बंद केली."

तिनं जाळीच्या वर पाहिलं. कुंपण कमरेएवढं आहे, जाळीही तेवढीच. "मुंगूस वरून चढून येते ना आई. वर तं मोकळंच आहे सारं."

पलीकडे रुखमाबाई ऐकत होत्या. "असू दे ग," त्या म्हणाल्या. "तुया आईनं इचार करूनच केलं असंन." आणि माझ्याकडे पाहिलं. साधंच पाहिलं. त्यांना माहीत आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

"चहा उतू जाऊन राह्यला," मी म्हणाले आणि आत गेले. चहा ठेवलेला नव्हता.

पल्लवी दोनशे बारा पावलं चालून मोठीमायकडे गेली. संध्याकाळी आली तेव्हा दिवे लागले होते. मी दारात बसले होते.

आता

पंधराव्या दिवशी डॉक्टरनं पाहिलं. डावा पाय सरळ झाला आहे. उजवा थोडा बाहेर राहील, कायमचा. त्या एका महिन्याची ती खूण आहे. चंपा चालते, लंगडत पण भराभर, आणि पाण्यात गेली की काहीच कळत नाही. भाऊराव तिच्या चालण्याची नक्कल करतात. कनकीबद्दल मी त्यांना नंतर सांगितलं, की दोष तांदळाचा कमी आणि जाळीचा जास्त. ते म्हणाले, "मले का समजत नाई?" आणि कोंड्याची पुडी सोडली.

ज्यांच्या घरी बदक बसलं आहे त्यांनी पहिल्या दिवशीच दवाखाना गाठावा, सातव्या दिवशी नव्हे. नुसत्या पांढऱ्या तांदळावर ठेवू नये. खाण्याची नोंद ठेवाल तेव्हा ते दुसऱ्याच्या अंगणात काय खातं तेही लिहा. आणि आजारी जिवाला ज्याच्या हातून खावंसं वाटतं, त्याला दारापासून परत पाठवू नका. मी दोन दिवस पाठवलं. त्या दोन दिवसांत तिचं वजन घटलेलं वहीत आहे.

आज २ डिसेंबर. हंगाम भरात आहे. सकाळी सव्वासहाची हजेरी: मी, चंपा, पलीकडे रुखमाबाई. भाऊराव झोपलेले. चंपानं कोंडा खाल्ला, लंगडत जाळीपर्यंत गेली आणि चोच तारेतून घालून बसली. रुखमाबाई पलीकडून एकेक झिंगा जाळीच्या भोकातून देत आहेत. एका वेळी एकच जातो.

आजची कामं: तीन गावांना तारखा कळवणे. खुराड्यातलं धोतर बदलणे. पल्लवीला फोन. औषध संपत आलं, आणणे. शेवटचं काम २२ ऑक्टोबरपासून रोज नव्या पानावर उतरवते आहे. जाळी सहा खिळ्यांवर आहे. पक्कड आठवड्यापूर्वीच खिडकीत काढून ठेवली. सकाळी ती घेऊन गेले, रुखमाबाईंनी वर पाहिलं आणि पुढचा झिंगा उचलला. एक खिळा काढला, तेवढ्यात तारखेसाठी फोन आला. पाच राहिले आहेत.